पाहुणीसाठीची निवळी

टेपाच्या वाडीत एकोणीस घरं, एक विहीर, आणि त्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे सांगणारा एकच माणूस, देवू. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याचा हुद्दा 'जलसुरक्षक'. नाव ऐकून वाटावं, गड्याच्या खांद्याला बंदूक असेल. प्रत्यक्षात होती टीसीएलची, म्हणजे जंतू मारायच्या पावडरीची बादली, ढवळायला एक दांडकं, ओटी नावाच्या तपासणीच्या औषधाची अंगठ्याएवढी बाटली आणि काचेची एक नळी. रोज सकाळी पावडर बादलीत कालवायची, तासभर चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायची. मग नळीत पाणी धरून ओटीचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर पुरली, पाणी शुद्ध. पांढरंच राहिलं की पुन्हा बादली. जे दिसेल ते वहीत लिहायचं आणि खाली सही ठोकायची. अठरा वर्षं हेच चाललं होतं. बोटांना पावडरीचा वास असा मुरलेला, की त्याची बायको पारू म्हणायची, "तुमच्या हातची भाकर खाल्ली तर पोटातलं जंत बी मरत्याल."

देवू यावर हसायचा, पण कामात हयगय म्हणून करायची नाही. त्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी वाडीत गॅस्ट्रोची साथ आली आणि त्यात त्याची रूपाली गेली. सहा वर्षांची पोर. घोंगडीची झोळी करून तिला पौडच्या दवाखान्यात न्यायला निघाले, पण उतारावरच तिचं अंग गार पडलं. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार आहे. त्या वेळचा पाणीवाला महिन्याची सगळी वही घरच्या ओट्यावर बसून एकदम भरायचा. ज्या दिवशी रूपालीची झोळी उतरली त्या दिवसापुढेही त्यानं लिहिलं होतं, 'पाणी शुद्ध'. देवूला तेव्हा वाचता येत नव्हतं. ते दोन शब्द त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतले, मग चाळिशीला आलेला हा माणूस अक्षरं गिरवायला बसला आणि दोन वर्षांनी तेच काम त्यानं मागून घेतलं. तेव्हापासून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यानं वहीत एक ओळ लिहिली नाही.

अशा माणसाच्या वाट्याला तीन वर्षांपूर्वी उत्कर्षा आली.

पुण्याची, काडीसारखी बारीक, चष्मा, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. ती बेडकांचा अभ्यास करायची. बेडकांचा म्हणजे बेडकांच्या पिल्लांचा. वाडीच्या वर पाऊण तास चढून गेलं की एक झरा लागतो. झऱ्याच्या तोंडाशी जुन्या लोकांनी खोदलेली हातभर खोल कुंडी आहे, आणि कुंडी भरून वाहिली की पाणी काळ्या कातळावरून पसरत खाली जातं. पावसाळ्यात त्या ओल्या कातळावर बोटाच्या पेराएवढी पिल्लं चिकटून असतात. चार पिल्लांसारखी ती डबक्यात राहत नाहीत, दगडावरच वाढतात, आणि बोट लावलं की टुणकन उडतात. वाडीत त्यांना चिकट्या म्हणत. उत्कर्षा म्हणाली, अशी पिल्लं आपल्या या डोंगरांखेरीज जगात फारशी कुठं मिळत नाहीत, आणि ती इथं आहेत याचा अर्थ इथलं पाणी चांगलं आहे. वाडीला हसू आलं. देवूला आलं नाही. पाणी चांगलं आहे की नाही याची काळजी करणारं दुसरं कुणीतरी त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

तिनं वाटाड्या म्हणून त्यालाच घेतलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी ती यायची, कातळाचे चौकोन पाडून चिकट्या मोजायची आणि मग एक छापील कागद काढायची. त्या कागदाचं नाव होतं 'अधिवासावरील ताण'. माणसाला ताण असतो हे देवूला ठाऊक होतं. कातळालाही असतो हे नवीन कळलं. त्यात चौकटी होत्या. वणवा, गुरांची तुडवण, दगड फोडणं, रात्रीचा उजेड, मोकाट कुत्री, रस्ता, साबण, खत, औषध. उत्कर्षा एकेक विचारायची आणि देवू इमानानं सांगायचा.

"वणवा?"

"औंदा न्हाई. गेल्या साली पलीकडच्या अंगाला लागल्याला."

"गुरं?"

"कातळावर गुरं चढत्याल व्हय, मॅडम? पाय मोडून घ्याया?"

"पाण्यात काही टाकतं का कुणी? साबण, खत, औषध?"

"न्हाई."

ती चौकटीत 'नाही' लिहायची. ते 'नाही' देवूच्या हिशेबानं सोळा आणे खरं होतं. ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिल्या वर्षी कातळावर दोनशे बारा चिकट्या भरल्या. त्याच वर्षी शेवटच्या फेरीला उत्कर्षानं तहान लागली म्हणून कुंडीतून बाटली भरली आणि गटागटा प्यायली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, उलट्या सुरू आहेत, राहिलेलं सामान न्यायला येता येणार नाही. तिनं पौडच्या गाडीवर खाल्लेला वडापाव बाधला असणार, हे मीही सांगेन आणि कुणीही सांगेल. देवूला कोण सांगणार? तो दोन दिवस जेवला नाही. रूपाली असती तर याच वयाची असती, हे तो बोलला नाही. पारूला ते न बोलता कळलं.

दुसऱ्या वर्षीपासून मॅडम येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी देवू बादली घेऊन वर चढू लागला. कुंडी ही गावाच्या यादीतली नव्हती. तिथं पावडर टाकायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. विहिरीचं माप त्याला पाठ होतं, हजार लिटरला पाच ग्रॅम. पण एवढ्याशा कुंडीला वजन कशानं करायचं? त्यानं मुठीनं घेतली आणि वर थोडी जास्तच, कसलाही किडा राहायला नको म्हणून. निवळी सोडायची, पान खायचं, अंधाराच्या आत खाली उतरायचं. सकाळी मॅडमनं बाटली भरली की त्याच्या जिवाला बरं वाटायचं. तिला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. पाहुण्यासाठी घर झाडून ठेवलं हे काय पाहुण्याला सांगायचं असतं?

आणि चिकट्या कमी होऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी सत्त्याण्णव. यंदा जुलैत एकतीस.

या घटीला धनी मिळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर वाडीच्या डोक्यावर जेसीबी चढला. प्लॉट पाडायचे, बंगले बांधायचे, बंगल्यातून धरणाचं पाणी दिसणार असा मोठा फलक लागला. त्यासाठी डोंगराच्या कुशीतून रस्ता कापणं चाललं. हे सगळं जमवून आणणारा विठ्ठलराव हा कासार आंबोली गावचा. स्वतःची जमीन विकून झाल्यावर आता दुसऱ्यांची विकायचा, आणि बोलायला इतका गोड, की माणूस सही करून घरी गेल्यावर शुद्धीवर यायचा. वाडीला भीती एकच. रस्ता आणखी दोनशे हात पुढं सरकला, की झऱ्याची शीर तुटणार. झरा गेला की खालची विहीर आटणार, आणि विहीर आटली की एकोणीस घरांनी ताटवाट्या उचलून खाली कुठंतरी भाड्याच्या खोल्या बघायच्या. वाडीनं तालुक्याला अर्ज केला. अर्जावर अंगठे पुष्कळ होते, पुरावा एकच होता: उत्कर्षाची मोजदाद. रस्ता आला आणि चिकट्या गेल्या. साहेब लोक गुरुवारी जागेवर येऊन पाहणार असं ठरलं.

उत्कर्षा मात्र खूश नव्हती. आधीच्या फेरीला ती कातळाच्या पायथ्याशी कागद पसरून बराच वेळ बसली होती. तीन वर्षांत तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि बोलणं कमी झालं होतं.

"काका, एक जुळत नाही," ती म्हणाली. "रस्ता दिवाळीनंतर आला. घट त्याच्या आधीच्या जूनमध्येच सुरू झाली. आणि राहिलेल्या आहेत त्या बहुतेक उजव्या कडेलाच का?"

"तितं येगळी पाझर हाय. कुंडीचं पाणी तिकडं जात न्हाई."

तिनं तेही लिहून घेतलं. "काहीतरी राहतंय माझ्याकडून," ती स्वतःशीच म्हणाली आणि कागद गुंडाळले. देवू तिची बॅग उचलून पुढं झाला. त्याला काहीच वाटलं नाही, आणि वाटावं तरी का?

बुधवारी तालुक्याला जलसुरक्षकांची बैठक होती. तिथं दिवसभर पंख्याखाली बसवून घेतलं आणि सोडलं तेव्हा शेवटची एसटी. संध्याकाळची निवळी चुकली. म्हणून गुरुवारी उजाडायच्या वेळेला देवू बादली घेऊन वर चढला. पायात गोळे आलेले, पावसानं वाट घसरडी. आज मॅडमसोबत साहेब येणार, ते पाणी मागणार, म्हणून पावडर नेहमीपेक्षा थोडी वाढवली होती. कुंडीत निवळी सोडली आणि आज पहिल्यांदाच तो लगेच उतरला नाही. दमला होता, म्हणून कातळासमोरच्या दगडावर टेकला आणि तंबाखू मळायला घेतली.

तंबाखू तळहातावरच राहिली.

कातळावरची एक चिकटी सुटली. मग शेजारची. उडाली नाही, सुटली आणि पाण्याच्या ओघळाबरोबर घसरत खाली दगडांत गेली. देवूला वाटलं, पाण्याला जोर असेल. तो उठून जवळ गेला. डाव्या अंगाची पिल्लं एकेक करून दगड सोडत होती. काही उलटी होऊन पांढरं पोट दाखवत होती. उजव्या कडेची होती तशी बसलेली. त्यानं एक उचलून तळहातावर घेतली. तिनं शेपूट हलवलं आणि मग हलवलं नाही.

अठरा वर्षांची सवय हाताला. मेंदूत काही शिरायच्या आत हातानं पिशवीतून नळी काढली, कातळावरून ओघळणारं पाणी धरलं आणि ओटीचे थेंब टाकले. विहिरीत कधी येत नव्हतं इतकं गडद पिवळं आलं. उजव्या पाझरीचं पाणी घेतलं, ते पांढरं राहिलं.

मग मात्र सगळं एकदम कळलं. किती संध्याकाळी चढलो, ते त्यानं बोटांवर मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. बादलीनं तो कुंडी उपसू लागला. कुंडी कसली उपसते, झरा मागून भरतच होता. मग डब्याच्या झाकणात जिवंत दिसतील ती पिल्लं वेचून उजव्या पाझरीवर नेऊन ठेवू लागला. म्हातारी होत चाललेली बोटं आणि पेराएवढी पिल्लं; निम्मी तर त्याच्या बोटांनीच चेंगरली असतील. आणि बोटांना तरी काय, पावडरीचाच वास.

भाकरी घेऊन पारू वर आली तेव्हा तो कातळापाशी ओणवा होता. त्यानं तिला सांगितलं. लपवायची अक्कल त्याला कधी नव्हतीच.

पारू खाली बसली. तिनं भाकरीचं फडकं सोडलं नाही.

"कुणाला म्हाईत हाय?" तिनं विचारलं.

"तुला न मला."

"मग हितंच ऱ्हाऊ द्या."

"पारू, त्ये सायेब लिवणार, रस्त्यानं मेल्या म्हून. रस्त्यानं न्हाई मेल्या. म्या मारल्या."

"अन् उद्या झरा तुटंल त्यो कुणी तोडला म्हून लिवत्याल?" पारूचा आवाज चढला. "रस्ता काय लई गुणाचा हाय? आज न्हाई त्यानं मारल्या तर पुढल्या साली मारंल. चिकटी जगली काय न मेली काय, वाडी जगाया पायजे. तुमी आज तोंड उघडलं तर एकोनीस घरं तुमच्या नावानं खडं फोडत्याल. म्या बी फोडीन."

ती म्हणत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि देवूलाही ते कळत होतं. रस्ता वाईटच होता. खोट्यानं खरी गोष्ट वाचत असेल तर काय बिघडलं, असं मोठेमोठे शहाणे म्हणतात आणि रात्री गाढ झोपतात. देवू शहाणा नव्हता. त्याला फक्त फार थकल्यासारखं झालं, इतकं की वाटलं साहेब येऊच नयेत, पाऊस कोसळावा, वाट बंद व्हावी, आणि आपण हितंच दगडावर पडून राहावं.

अकरा वाजता सगळे आले. तालुक्याचे साहेब छत्रीखाली, धापा टाकत. मागं उत्कर्षा. तिच्यामागं पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून बायकोच्या माहेरी आल्यासारखा जपून चालणारा विठ्ठलराव. वाडीतली दहा-बारा माणसं आणि त्यांत सगळ्यांत थोरली रंभाबाई, काठी टेकत.

उत्कर्षानं मोजलं. डाव्या अंगाला दोन, उजव्या कडेला बावीस. तिचा चेहरा उतरला, पण तिनं तक्ता काढून साहेबांना नीट समजावलं. पहिल्या वर्षी इतक्या, मग इतक्या, आज इतक्या. वरून येणारा लाल गाळ दाखवला.

"हे रस्त्यामुळेच, असं तुम्ही छातीठोक सांगू शकता?" साहेबांनी विचारलं.

उत्कर्षानं श्वास घेतला. "घट आधी सुरू झालीय, ते मी अहवालात लिहिलंय सर. पण बाकीची कारणं मी तीन वर्षं एकेक करून वगळलीत. पाण्यात इथं कुणी काही टाकत नाही. देवूकाकांना प्रत्येक वेळी विचारलंय. ते जलसुरक्षक आहेत, त्यांचा शब्द पक्का असतो."

साहेब देवूकडं वळले. "काय हो? तसं लिहू ना मग? पाणी शुद्ध?"

ते दोन शब्द साहेब सहज बोलून गेले. त्यांना काय ठाऊक?

देवूनं पारूकडं पाहिलं. ती मान हलवत होती, नको, नको. तिच्या शेजारी रंभाबाई काठीवर हनुवटी ठेवून आशेनं बघत होती. विठ्ठलराव मोबाइलमध्ये होता. देवूच्या डोळ्यांपुढं मात्र ती जुनी वही आली आणि तिच्यातली ती तारीख. कुणीतरी ओट्यावर बसून लिहिलेली, आणि आपली झोळी उतारावर.

"थांबा, सायेब," तो म्हणाला.

कुंडीजवळ जाऊन कपारीत साठून राहिलेल्या पाण्यानं त्यानं नळी भरली. थेंब दोनाऐवजी चार पडले. नळी त्यानं सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"वा, पिवळं आलं की!" साहेब खूश झाले. "म्हणजे पिण्याजोगं."

"व्हय, पिण्याजोगं. मानसाला." देवूनं नळी खाली घेतली नाही. "म्या टाकतुया हितं टीसीएल. दोन वरसं झाली. मॅडम येणार म्हनलं की आदल्या सांजंला. आज सकाळी डोळ्यांनी बघितलं, चिकट्या त्यानंच मरत्यात. तसं लिवा."

उत्कर्षानं चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं पुसत राहिली. मग विठ्ठलरावानं मोबाइल खिशात ठेवला आणि पुढं येऊन देवूच्या पाठीवर थाप मारली. "देवमाणूस! अशी खरं बोलणारी माणसं राहिलीत कुठं आता?" देवूला त्या थापेची शिसारी आली. रंभाबाई काठी टेकत त्याच्यासमोर आली. "आमच्या पाण्यात माती कालवलीस रं," एवढंच म्हणाली आणि वाटेला लागली. तिच्या मागं वाडी गेली. पारूही गेली.

साहेबांनी जागेवरच लिहिलं: सदर घट स्थानिकांनी वापरलेल्या पावडरीमुळे असल्याचे दिसून येते, सबब रस्त्याचे काम थांबवण्याचे कारण दिसत नाही, संबंधितांनी हवे असल्यास नव्याने अभ्यास करून अहवाल द्यावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि देवूनं तर हातात नळी धरून दाखवलं होतं.

सगळे उतरून गेले तरी उत्कर्षा तिथंच बसून होती. देवू चार हात लांब.

"मी दर वेळी विचारत होते, काका."

"तुमी साबण इचारला. खत इचारलं. औषध इचारलं. टीसीएल कुटं इचारलं? त्यानं तर पाणी साफ व्हतं."

तिनं कागद काढून पाहिला. खरंच, तशी चौकट नव्हती. चौकटी तिनंच आखल्या होत्या.

"आणि टाकलं कशासाठी? माझ्यासाठी?"

"तुमी कुंडीचं पाणी पिता. एकदा उलट्या झाल्या तुमास्नी."

उत्कर्षानं तक्ता उघडून पहिल्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी मोजायला आलेच नसते, तर त्या जगल्या असत्या."

व्हय म्हणावं तर पोरीच्या काळजाला घरं पडणार, न्हाई म्हणावं तर खोटं. आजच्या दिवसापुरतं देवूचं खरं बोलून संपलं होतं. त्यानं नळी धुऊन पिशवीत ठेवली. उत्कर्षानं कागदाच्या तळाशी एक नवी चौकट आखली, तिच्यात लिहिलं 'मोजणारी व्यक्ती', आणि पुढं 'होय'.

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. विहिरीवर देवू आला की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. पारूनं दोन महिने कामापुरतंच बोलणं ठेवलं. रस्ता वळणापर्यंत आला. झरा अजून वाहत होता, पण पूर्वीपेक्षा बारीक, का देवूलाच तसं वाटत होतं कोण जाणे. नेमाप्रमाणे तो रोज विहिरीत निवळी सोडायचा आणि वही भरायचा. कुंडीकडं बादली मात्र पुन्हा नेली नाही.

पुढच्या श्रावणात, एका रविवारी, उत्कर्षा स्कूटरवरून आली. तिची ती अभ्यासाची नेमणूक संपली होती. आता एका शाळेत शिकवते म्हणाली, रविवारचा एक दिवस मिळतो. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मागचं सगळं बाद, हे पहिलं वर्ष. तिची तीन गेली होती आणि देवूची किती उरली होती, ते दोघांनीही काढलं नाही. तो बॅग घेऊन पुढं झाला. निघताना पारूनं न बोलता त्याच्या पिशवीत एक बाटली सरकवली.

कातळावर वरच्या कडेला लाल गाळाचा पापुद्रा धरला होता. मोजणीआधी आता नवीन नियम होता: कुंडीचं पाणी तपासायचं, आणि जे येईल ते कागदावर लिहून खाली देवूची सही घ्यायची. त्यानं नळी भरली, थेंब टाकले आणि नळी आभाळाकडं धरली. अठरा-एकोणीस वर्षं जो माणूस पिवळ्या रंगासाठी डोळे ताणत होता, तो आज तो येऊ नये म्हणून श्वास धरून उभा होता.

पांढरं राहिलं. त्यानं सही केली.

मग दोघांनी मोजलं. उजव्या कडेला एकोणीस. डाव्या अंगाला, दोन वर्षं जिथं काही टिकत नव्हतं तिथं, अकरा.

"अकरा," देवू म्हणाला आणि पुन्हा एकदा मोजून आला. अकराच होत्या. त्यांतली एक गाळाच्या अगदी कडेला बसली होती.

"आता ज्या जातील त्या आपल्या हातानं नाही जाणार," उत्कर्षा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, नुसता दम होता. ऊन निघालं होतं. तिनं आपली बाटली हलवून पाहिली, ती रिकामी होती. सवयीनं ती कुंडीकडं वाकली.

"हां! तितलं न्हाई!" देवू ओरडला.

पिशवीतून पारूनं दिलेली बाटली काढून त्यानं तिच्यापुढं धरली. "घरचं हाय. हिरीचं. सकाळी तपासलंया म्या."

तिनं बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि नाक आक्रसलं.

"काका, पावडरीचा वास येतोय."

तीन वर्षं देवूनं तिला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती.

"येऊ दे, बाय," तो म्हणाला. "पी तू."